वीस मिनिटं चालणारी मोटार

सोमवार, ८ जानेवारी २००७

ही डायरी ह्यांच्या विमा कंपनीची. दरवर्षी येते आणि दरवर्षी कोणाला तरी देऊन टाकतो. यंदा मी ठेवून घेतली, कारण पास्कलदादांनी बजावलंय, "ताई, जी जी मोटार तपासशील तिचं लिवून ठेव. किती वोल्ट, किती अँपिअर, किती गरम झाली. माज्या डोक्यात काय ऱ्हात न्हाय."

पास्कलदादा उत्तनचे. अठ्ठावीस वर्षं बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर इंजिनाशी होते, आता घरी असतात. मी नवघर रोडच्या कारखान्यात विजेच्या मोटारींत तार भरायला होते तेव्हा ते कधीमधी एखादं विचित्र काम घेऊन यायचे आणि मॅनेजरला टाळून थेट माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. अकरा वर्षं मी तांब्याची तार गुंडाळली. आईंना, म्हणजे सासूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला त्याला चौदा महिने झाले. कारखाना सोडला त्यालाही तेवढेच.

दादांनी आपल्या जुन्या टगसारखी चार फुटी बोट बनवली आहे. रिमोटवर चालते. तिच्या छपरावर आग विझवायची पाण्याची तोफ आहे. घोडबंदरच्या बाजूला एक नाविक शाळा आहे, तिथल्या कॅप्टनना विद्यार्थ्यांना दाखवायला अशी बोट हवी आहे. पसंत पडली तर आणखी पाच करायच्या. सगळं झालंय, अडलंय पंपावर. तोफेतून पाणी निदान दोन मीटर उडायला हवं आणि पंप सलग वीस मिनिटं चालायला हवा. त्याला कुठली मोटार बसवायची हे दादांना उमगत नाही. मला उमगेल असं त्यांना वाटतं.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "कर की, तुझाही वेळ जाईल. फक्त घरात पसारा नको, आणि मी नसताना कोणी वर यायला नको." बरोबरच आहे.

म्हणून आज दादांनी खालूनच हाक मारली. भाजीसाठी सोडते ती दोरीची पिशवी सोडली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ओढताना हाताला कळत होतं की आत लोखंड आहे. आवडीचं ओझं किती दिवसांनी वर आलं!


गुरुवार, ११ जानेवारी

पंप दोन तऱ्हेचे असतात. एकात पंखा गरगरतो आणि पाणी बाहेर फेकतो. त्याला वेग लागतो. दुसऱ्यात दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरून पाणी पुढे ढकलतात. त्याला जोर लागतो, वेग फारसा नाही. दादांनी दुसरा बनवलाय, पितळेचा, कारण तो आपलं पाणी आपण ओढून घेतो. म्हणजे मला सावकाश फिरणारी पण न थकणारी मोटार शोधायची आहे.

खेळण्यातल्या गाडीची मोटार: ६ वोल्ट. मोकळी असताना माशीसारखी भिणभिणते. पंप जोडला की कण्हायला लागते, अडीच अँपिअर खाते. एका मिनिटात चटका. बाद.

टेपरेकॉर्डरची मोटार: आवाज नाही, गुळगुळीत चाल. पंप जोडला की उभीच राहते. बाद.

मोरीत बादली ठेवून करते. पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे तेच ते पाणी पुन्हा पुन्हा फिरवते.

आज आईंनी फार छळलं. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय, 'पाणी'. भूक लागली तरी पाणी, कूस बदलायची तरी पाणी, पंखा बंद कर तरी पाणी. आपण ओळखायचं. आज मोटार सुरू केली की आतून "पाणी, पाणी." पेला घेऊन गेले तर दात घट्ट मिटले, अर्धं उशीवर सांडलं. अभ्रा बदलला, परत मोरीत आले, मोटार सुरू केली, की पुन्हा "पाणी". चार वेळा. चौथ्या खेपेला मी जरा जोरात बोलले. मग दुपारभर चुटपुट लागून राहिली.


रविवार, १४ जानेवारी

ह्यांना सुट्टी. सकाळी आईंच्या खोलीच्या दारातून "काय आई, बरी आहेस ना?" म्हणाले आणि बोरिवलीला मित्राकडे गेले. जेवणही तिकडेच. आठवडाभर दमतात, एक दिवस हवाच त्यांना. येताना माझ्यासाठी गरम जिलबी आणली.

आईंनी सकाळी लेकाला बघितलं तेव्हापासून मान दाराकडेच होती. मानेखाली उशी नीट करून दिली.


बुधवार, १७ जानेवारी

गाडीच्या काचेवर पाणी मारणारी मोटार: १२ वोल्ट. जोडली आणि पाणी थेट मोरीच्या समोरच्या भिंतीवर! अडीच मीटर सहज गेलं असतं. पण चौथ्या मिनिटाला हात लावता येईना आणि सहाव्याला वास आला. तो वास मी झोपेतही ओळखेन, तारेवरचं वार्निश भाजल्याचा.

दादांना फोन केला. ते ऐकेनात. "पण ताई, ताकद बग ना तिची!"

म्हटलं, "दादा, ही मोटार काचेवर पाणी मारायला चार सेकंद चालते आणि थांबते. ती तेवढ्यासाठीच केलेली आहे. वीस मिनिटं चालवाल तर जळेल."

"मंग आमची टगची मोटार कशी चालायची चार-चार तास?"

"ती चालायची म्हणूनच टिकली. मोटार फिरून फिरून जळत नाही, दादा. फिरायचं असतं आणि फिरता येत नाही, तेव्हा जळते. वीज तर आत येतच राहते. तिचं काम होत नाही, मग नुसती धग होते. बाहेरून काही दिसत नाही. वास येतो तोवर उशीर झालेला असतो."

"हाय, हाय, कळला," म्हणाले. कळलं असेल असं वाटत नाही.

आज सकाळपासून डोकं ठणकतंय. कशाने ते कळत नाही. आई पुन्हा त्याच वेळी "पाणी पाणी" करत होत्या.


शनिवार, २० जानेवारी

शेजारच्या ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, "अरे सुचेता, तू जा ना बाहर थोडा, मैं बैठती हूँ बा के पास." वीस मिनिटांत येते म्हणून सांगून केबिन रोडला गेले. उन्हात गेल्या गेल्या डोळेच दिपले. इतकी माणसं, इतके आवाज. एका बांगड्यांच्या दुकानासमोर मी उगाच उभी राहिले.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे बिघडलेल्या प्रिंटरांचा ढीग होता. त्याला म्हटलं, "भैया, इसमें से कागज खींचनेवाली मोटार चाहिए."

तो हसला. "मैडम, ये तो भंगार है. मोटार से क्या करोगी?"

"पानी उडाऊंगी."

काय समजला देव जाणे, पण दोन मोटारी काढून दिल्या. दांडा बोटांनी फिरवून पाहिला. जड, सरळ, कुठे खरखर नाही. आतल्या चुंबकाची पकड बोटांना टक टक अशी लागते, तशी लागली. चोवीस वोल्टची मोटार. बारावर चालवली तर अर्ध्या वेगाने, पण थंड डोक्याने चालेल. पिशवीत टाकली तेव्हा आजूबाजूच्या बायका मेथी निवडत होत्या, आणि मला वाटलं, ह्या सगळ्यांपेक्षा आज माझा बाजार चांगला झाला.

वीसची पस्तीस मिनिटं झाली. नेमका ह्यांचा ऑफिसातून फोन आला होता. ज्योत्स्नाबेननी उचलला. हे त्यांना म्हणाले, "काही नाही, सहज केला."

संध्याकाळी आले ते शांत होते. चहा झाल्यावर म्हणाले, "तू घरी आहेस म्हणून मी तिकडे निर्धास्त काम करू शकतो, सुचेता. एवढंच." ओरडले नाहीत. कधीच ओरडत नाहीत. मग म्हणाले, "उद्यापासून भाजी-बिजी मीच आणत जाईन येताना. तुला जिने चढायचा त्रास नको."

बाकीच्या बायका नवऱ्याने भाजी आणावी म्हणून भांडतात. माझं नशीब चांगलं म्हणायचं.


मंगळवार, २३ जानेवारी

प्रिंटरची मोटार: १२ वोल्ट, पंपासकट पाऊण अँपिअर. पाणी दीड मीटर. तोफेचं तोंड बारीक करून पाहिलं, सव्वादोन मीटर! वीस मिनिटं घड्याळ लावून चालवली. शेवटी हात ठेवला तर नुसती कोमट, निवलेल्या चहाच्या कपासारखी.

आता खरं लिहायचं ते. बाराव्या मिनिटाला आतून "पाणी". मोटार बंद करायची नव्हती, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून आलं. मी वैतागले. टब, बॅटरी, पंप, सगळं घसरवत घसरवत त्यांच्या खोलीत नेलं आणि म्हटलं, "बघा, हे करतेय मी. तुमच्यासाठी थांबवू शकत नाही."

आई गप्प झाल्या. तोफेतून पाणी उडत होतं, टबाच्या कडेवर आपटून परत टबात पडत होतं. त्या बघतच राहिल्या. आणि त्यांच्या तोंडाची डावी बाजू, जी हलते, ती हळूहळू वर गेली. आई हसल्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

इतके दिवस त्या मला पाणी मागत नव्हत्या, पाणी दाखव म्हणत होत्या. आणि मी पेल्यामागून पेले त्यांच्या तोंडात ओतत होते.


शुक्रवार, २६ जानेवारी

सुट्टी. हे घरी. खोलीत टब बघून दारातूनच म्हणाले, "आईला सर्दी होईल अशाने." मी म्हटलं, पाच मिनिटं आत येऊन बघा तरी, त्यांना किती आवडतं. म्हणाले, "नंतर बघतो." नंतर पेपर वाचता वाचता डोळा लागला त्यांचा.

४ फेब्रुवारीला रविवारी उत्तनच्या तळ्यावर कॅप्टनना बोट दाखवायची आहे. दादा म्हणतात मी हवीच. बसवताना काही झालं तर मोटारीतलं त्यांना कळणार नाही. ह्यांना विचारलं, सकाळी आठ ते एक तुम्ही थांबाल का आईंजवळ? म्हणाले, "थांबेन की." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "सांगितलं ना."

कूस कशी वळवायची, खालचं प्लास्टिक कसं बदलायचं हे दाखवायला बोलावलं. "त्या दिवशी बघू," म्हणाले आणि इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेले. इस्त्रीवाला आज बंद असतो हे मी विसरले, तेही विसरले असतील. तासाभराने आले.


शनिवार, ३ फेब्रुवारी

मोटार तयार. एक अडचण निघाली होती. पंप सुरू झाला की बोटीचं सुकाणू थरथरायचं. मोटारीतल्या कार्बनच्या ठिणग्या रिमोटच्या लहरींत घुसतात. त्या ठिणग्या शोषून घेणारे तीन छोटे कपॅसिटर सोल्डर करून बसवले, दादांनी घरी लावून पाहिलं, थरथर गेली. मग मोटार काढून परत माझ्याकडे, शेवटचा हात फिरवायला.

तपासणीला आता आई असतात. खरंच असतात. मोटारीचा सूर जरा जरी खाली आला की डाव्या हाताचं बोट वर करतात. मीटरचा काटा हलायच्या आधी त्यांना कळतं. सासरे असताना त्या कापडगिरणीत कामाला होत्या हे मी विसरूनच गेले होते. आयुष्यभर यंत्रांचे आवाज ऐकलेत त्यांनी.

संध्याकाळी पिशवीतून मोटार खाली सोडली. दादांनी झेलली आणि वर बघून म्हणाले, "उद्या चर्चची मिस्सा आटोपून धा वाजता, ताई. तळ्यावर."

निळी साडी काढून ठेवली आहे.


रविवार, ४ फेब्रुवारी

साडेसातला मी डोक्याला तेल लावत होते. हे बूट घालून बाहेरच्या खोलीत उभे. ऑफिसातल्या कोणाचे वडील गेले, जायलाच हवं म्हणाले. "असं कसं टाळता येईल? तासाभरात येतो." ज्योत्स्नाबेन लग्नाला सुरतला गेलेल्या. दहा वाजले. अकरा. बारा. निळी साडी नेसूनच आईंना भात भरवला.

दोनला आले. कोणाचे वडील ते मी विचारलं नाही.


सोमवार, ५ फेब्रुवारी

दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर पास्कलदादा. वर यायचं नाही हे त्यांना माहीत आहे. ते उंबऱ्याच्या बाहेरच राहिले, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"ताई, माजी चूक झाली."

मी म्हटलं काय झालं?

"तू न्हाय आली. कॅप्टन म्हनले, पानी किती लांब जाईल? मला वाटला, प्रिंटरची मोटार कमी पडेल. म्हनून ऐन वेळेला तू परत धाडलेली ती काचेची मोटार बशीवली. ताकद हाय म्हनून." त्यांनी रुमालाने मान पुसली. "चार मिन्टा झकास पानी गेला. मंग धूर. तळ्याच्या मध्यात बोट बंद. मी कमरेएवढ्या पान्यात उतरून वढून आनली."

"मी सांगितलं होतं, दादा."

"सांगितला व्हता. पन तू तिथं नव्हती ना सांगायला."

आतून आईंचा आवाज आला म्हणून दादा वाकून बघायला लागले, मग अवघडून मागे झाले. म्हणाले, कॅप्टन भला माणूस आहे, १८ तारखेला आणखी एकदा बघायला तयार आहे. शेवटचं. "या टायमाला तू न्हाय आली, तर मी कॅप्टनला न्हाय म्हनून कळवतो. उगाच पुन्ना हसा नको."

हे घरी आल्यावर सांगितलं. म्हणाले, "अरेरे. बघ, अशा कामांचा काही भरवसा नसतो."


मंगळवार, १३ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. तीन आठवडे भाजी हे आणतात. तीन आठवडे मी जिना उतरलेले नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, जाळीची वीट आहे तिच्यातून माणसांचे पाय चढता उतरताना दिसतात. काल एका बाईचे पाय मी पाचव्या मजल्यापासून खालपर्यंत मोजले. मग ती गेटमधून निघून गेली.

मोटारींना हात लावला नाही. आईंनी दोनदा पाणी म्हटलं, मी टब आणला नाही.


गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज बोलले. जेवताना नाही, जेवण झाल्यावर, म्हणजे अन्न टाकायला नको.

म्हटलं, "रविवारी मला जायचंय. नाहीतर मधल्या वेळेसाठी एखादी बाई ठेवू या."

"परक्या बाईच्या हाती मी आईला देणार नाही."

"मग तुम्ही थांबा."

"थांबणारच होतो ना मागच्या वेळी. कोणी मेलं त्याला मी काय करू?"

"तुम्ही ह्या घरात आईंजवळ शेवटचं कधी बसलात?" हे माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही.

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग हळूच म्हणाले, "तू इतकं छान करतेस तिचं. मी मध्ये कशाला लुडबुड करू?"

कौतुकच केलं त्यांनी माझं. तरी मोरीत एकच पातेलं तीनदा घासलं. नंतर म्हणाले, "बरं, थांबतो रविवारी. झालं?"

खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी मात्र मनात मोजत बसले की रविवारी कोणाकोणाचे वडील जाऊ शकतात.


सोमवार, १९ फेब्रुवारी

कालचं आज लिहितेय.

पहाटेच जाग आली. आई एरवी पाचला उठून हाका मारतात, चुकत नाहीत. काल सहा वाजले, साडेसहा झाले तरी गाढ झोपलेल्या. पापण्या जरा हलत होत्या, स्वप्न पडत असेल. नशीबच म्हटलं. मी आवरून घेतलं. पेज करून ठेवली. औषधाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या. कोरडी चादर, प्लास्टिक, पावडर, सगळं पलंगाच्या पायथ्याशी ओळीने मांडलं.

सात वाजता हे उठले. दाढी केली. मग मला दिसलं की त्यांनी खुंटीवरचा बाहेर जायचा शर्ट काढून खुर्चीवर ठेवला आहे. रुमाल, पाकीट, घड्याळ, सगळं त्यावर. मला काहीच म्हणाले नाहीत. आंघोळीला गेले.

मी त्या शर्टाकडे बघत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, आत दोन तांबे पाणी ओतल्याचा आवाज झाला तेवढा. मग पर्स घेतली, चपला घातल्या आणि मोरीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "उत्तम, मी निघाले. आईंना साडेआठला पेज, नऊला गोळ्या, आणि दर दोन तासांनी कूस वळवायची."

लग्नाच्या एकोणीस वर्षांत मी त्यांना नावाने हाक मारली नव्हती.

पाणी ओतायचं थांबलं. "थांब. सुचेता, थांब! मला बाहेर..."

पुढचं ऐकलं नाही. दार ओढून घेतलं. जिने उतरताना वाटत होतं आत्ता ते वरून हाक मारतील, ओल्या अंगाने कठड्याशी येतील. कोणी आलं नाही. गेटच्या बाहेर रिक्षात बसले आणि कुठे जायचं ते सांगायचंच विसरले, तेव्हा रिक्षावाल्याने विचारलं, "तबियत ठीक है ना?"

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस. सबंध वाटेत मिठागरं होती आणि मला एकच दिसत होतं, हे शर्ट घालून बाहेर पडलेत आणि आई एकट्या. दोनदा उतरायला उठले. दोनदा बसले. कंडक्टर बघायला लागला.

तळ्यावर दादा आणि त्यांच्या बायको ऑड्रेबाई होत्या. ऑड्रेबाईंनी काही न विचारता माझ्या हातात चहा दिला. मी बोटीचं झाकण उघडलं, प्रिंटरची मोटार बसवली, पंपाचा दांडा मोटारीच्या दांड्याशी अगदी सरळ रेषेत आणला. तिथे केसाएवढा जरी बाक राहिला तरी मोटार स्वतःशीच झगडत राहते. दादा बॅटरीच्या तारा धरून उभे होते, निमूट.

कॅप्टन उंच, पांढऱ्या मिशांचे. घड्याळ लावून उभे राहिले. दादांनी रिमोट दाबला आणि तोफेतून पाणी उडालं. फार लांब नाही, अडीच मीटर नव्हे, पण दोनच्या पलीकडे. सात मिनिटं झाली.

तेवढ्यात दादांचा मोबाईल वाजला. त्यांनी उचलला, ऐकलं आणि माझ्याकडे दिला. "उत्तमराव."

दादांचा नंबर ह्यांना ह्या डायरीत सापडला असणार, दुसरीकडे कुठे लिहिलेला नव्हता.

"सुचेता, ती ओली झालीय. सगळं ओलं झालंय. तू ये." आवाज ओळखू येत नव्हता.

म्हणजे ते घरीच होते. आधी मला तेवढंच कळलं. मग पाय बसस्टॉपकडे वळले. खरंच वळले, दोन-तीन पावलं टाकली. पाठीमागे पंपाचा आवाज एकसारखा चालू होता.

थांबले. म्हटलं, "मी येत नाही. मी सांगते तसं करा. फोन उशीवर ठेवा."

"मला नाही जमणार. ती माझ्याकडे बघते, सुचेता. सगळा वेळ नुसती बघते."

"बघू दे. आधी त्यांचा उजवा हात पोटावर घ्या. घेतला? आता त्यांचा उजवा गुडघा वाकवा. खांद्याला आणि कमरेला धरून स्वतःकडे वळवा. ओढायचं नाही, वळवायचं."

बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. कपडा ओढल्याचा आवाज. मग ते म्हणाले, "किती हलकी झालीय ही."

चादर कशी गुंडाळायची, गरम पाणी किती कोमट हवं, पावडर कुठे, एकेक सांगत गेले. मध्येच पलीकडे ते बोलायचे बंद झाले. नाक ओढल्याचा आवाज येत होता. सर्दी झाली होती वाटतं. मग आईंचा आवाज आला, "पाणी." ह्यांनी मला विचारलं, "पाणी मागतेय, देऊ?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा काय हवंय." आणि फोन बंद केला.

मागे वळले तर कॅप्टन घड्याळ बघत होते. एकवीस मिनिटं झाली होती. त्यांनी बोट काठाशी बोलावली, झाकण उघडायला लावलं आणि मोटारीवर स्वतः हात ठेवला. मग मला विचारलं, "ही निवडली कोणी?"

दादा म्हणाले, "ह्या ताईनं. माजा काय न्हाय त्यात."

पाच बोटी हव्यात. मार्चपासून सुरुवात. दादांच्या घरामागच्या पडवीत कारखाना, आणि मी आठवड्यातून तीन दिवस तिथे. मंगळ, गुरू, शनी. मी हो म्हटलं. घरी विचारून सांगते म्हणायचं होतं, पण हो आधी निघालं.

तीनला घरी पोचले. दार उघडंच होतं. हे आईंच्या पलंगाशी स्टुलावर बसलेले. बाहेर जायचा शर्ट अंगात होता, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. चादर वाकडीतिकडी घातली होती, आईंच्या वेणीचा भलतीकडेच अंबाडा घातलेला. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. रागावलेले असणार. ही डायरी टेबलावर उघडी पडली होती, नंबरासाठी काढली ती परत ठेवायची राहिली असेल.

म्हटलं, "जेवलात?" मान हलवली, नाही म्हणून. डोळे लाल झाले होते, सर्दीच झाली असावी. ताट वाढलं.


बुधवार, २१ फेब्रुवारी

तीन दिवस हे फार कमी बोलतात. मार्चचं त्यांना सांगितलं, मंगळ, गुरू, शनी. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ऑफिसला जाताना फक्त विचारलं, "तुझ्या त्या कारखान्यात कोणाच्या ओळखीची बाई आहे का? आईच्या कामाला. चांगली बाई." परक्या बाईचं काय झालं ते विचारावंसं वाटलं. ऑड्रेबाईंना विचारते म्हटलं. नाही मिळाली कोणी तर काय, ते अजून ठरलेलं नाही. पहिल्या मंगळवारी काय होईल ह्याची मला आत्तापासून धडकी भरलीय.

आज सकाळची एक गोष्ट. सातला मी गॅसपाशी होते. हे बूट घालायच्या आधी आईंच्या खोलीत गेले. आत गेले, दारात थांबले नाहीत. कूस वळवायला लागले. चुकीच्या बाजूने धरलं असणार, कारण आई जोरात गुरगुरल्या. ते म्हणाले, "थांब गं आई, थांब, सांग ना मग कसं." पुन्हा गुरगुर. पुन्हा काहीतरी खालच्या आवाजात समजावणं.

हातातला डाव ठेवून मी निघालेच होते. दोन पावलांवर खोली. मग परत वळले, गॅस बारीक केला, आणि पोळी लाटायला घेतली.